दिवसा कोरडं, रात्री ओलं

तीन वर्षांची मुलगी. दिवसभर स्वतःहून ‘शू आली’ म्हणून सांगते, चड्डी खाली करत मोरीकडे धावते. बालवाडीतल्या बाई कौतुक करतात, पाहुण्यांकडे गेलं तरी कधी घोटाळा होत नाही. आणि तीच मुलगी सकाळी उठते ती भिजलेल्या गादीवर. दुपारच्या झोपेचं तर काही सांगताच येत नाही. आज कोरडी, उद्या ओली. मग घरात चर्चा सुरू होते. बाबांना वाटतं, दिवसा कळतं तर रात्री का कळू नये, आळस करते झालं. आजीचं म्हणणं, हे सगळं डायपरमुळे. आमची मुलं दीड वर्षाची होईतो लंगोटातून बाहेर आली होती. आईला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, कारण शेजारचा तेवढाच मुलगा रात्री केव्हाच कोरडा राहायला लागलाय.

तिघंही एकच गोष्ट गृहीत धरून बोलत असतात: दिवसाचं जमलं की रात्रीचं त्याच शिकवणीतून जमायला हवं. खरं तर या दोन कामांना शरीरातल्या वेगवेगळ्या गोष्टी लागतात. दिवसा शू सांगणं मूल शिकतं. झोपेत कोरडं राहणं बहुतांशी शरीर वाढता वाढता आपोआप जमतं, आणि ती वाढ प्रत्येक मुलात आपापल्या वेळी होते. हे एकदा नीट समजलं की घरातला निम्मा तणाव कमी होतो, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

जागेपणी मूल काय शिकतं?

तान्ह्या बाळाचं मूत्राशय थोडं भरलं की आकसतं आणि रिकामं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत हे दिवसाला वीसेक वेळा घडतं. हळूहळू मूत्राशय मोठं होतं, दोन वेळांमधलं अंतर वाढतं आणि दीड-दोन वर्षांच्या आसपास मुलाला ओटीपोटातला ताण जाणवू लागतो. ही जाणीव निरखून पाहिलं तर दिसते. ठोकळे रचता रचता हात थांबतो, नजर एकाच ठिकाणी लागते, पाय एकमेकांवर आवळले जातात. काही मुलं पडद्यामागे जाऊन उभी राहतात, काही जागच्या जागी नाचू लागतात. त्या क्षणी मुलाचा मेंदू मूत्राशयाला ‘थांब जरा’ असा निरोप देत असतो आणि मूत्रमार्ग बंद ठेवणारा गोल स्नायू मूल जाणूनबुजून आवळून धरत असतं.

हे सगळं लक्ष असताना चालतं. झोपेत लक्षच नसतं, त्यामुळे दिवसाची शिकवणी कितीही पक्की असली तरी रात्री तिचा फारसा उपयोग होत नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 साली आपल्याकडे येणाऱ्या 1,170 मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत मुलं दिवसा कोरडी राहू लागली ती सरासरी 28.5 महिन्यांची असताना, आणि रात्री 33.3 महिन्यांची असताना. ही सरासरी आहे हे मात्र विसरू नये. प्रत्यक्षात काही मुलं दिवसापाठोपाठ आठवड्याभरात रात्रीही कोरडी होतात आणि काहींना वर्षं लागतात.

टाकी, धार आणि जाग

आपल्याकडे कित्येक ठिकाणी नळाला पाणी रात्रीच येतं. नळ सोडून ठेवायचा, टाकी भरू द्यायची आणि झोपायचं. सकाळी अंगणात पाणी वाहिलेलं असेल की नाही, हे टाकी केवढी आणि नळाची धार केवढी यावर ठरतं. रात्रभराचं पाणी टाकीत मावलं तर प्रश्नच नाही. मावलं नाही, तर टाकी भरल्याचा आवाज ऐकून कुणीतरी उठायला हवं. मुलाचं अंथरूणही असंच, दोन्ही गोष्टी एकदम घडल्या तरच ओलं होतं: रात्रीची लघवी मूत्राशयात मावत नाही आणि मूत्राशय भरल्यावर मुलाला जागही येत नाही.

आधी टाकीचं बघू. मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा अंदाज बांधायला डॉक्टर एक सोपं सूत्र वापरतात: वयात एक मिळवायचा आणि 30 ने गुणायचं, म्हणजे उत्तर मिलिलिटरमध्ये येतं. तीन वर्षांच्या मुलाचं मूत्राशय साधारण 120 मिलिलिटरचं, म्हणजे चहाच्या एका कपाएवढं. पाच वर्षांचं 180, दहा वर्षांचं 330.

आता धार. चौदा किलो वजनाच्या तीन वर्षांच्या मुलीची मूत्रपिंडं दिवसा तासाला साधारण 20 मिलिलिटर लघवी तयार करतात असं धरू. ती रात्री नऊला झोपली आणि सकाळी सातला उठली, तर दहा तासांत 200 मिलिलिटर झाले. टाकी 120 ची. म्हणजे दिवसाचीच धार रात्रीही चालू राहिली तर पाणी बाहेर येणारच, मग त्या मुलीला तुम्ही कितीही समजावलेलं असो.

निसर्गानं यावर उपाय योजलेला आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं एक संप्रेरक रक्तात येतं. संप्रेरक म्हणजे रक्तातून दूरच्या अवयवापर्यंत निरोप पोचवणारं रसायन. व्हॅसोप्रेसिनचा निरोप मूत्रपिंडासाठी असतो: पाणी जपून वापर. तो मिळाला की मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांच्या भिंतींत पाण्यापुरते मार्ग उघडतात आणि लघवीतलं बरंचसं पाणी पुन्हा रक्तात शोषलं जातं. (पेशींच्या आवरणात पाण्यासाठी असे खास मार्ग असतात, हे शोधून काढणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.) मोठ्या माणसांत हे संप्रेरक रात्री जास्त प्रमाणात येतं, म्हणूनच आपली सकाळची पहिली लघवी गडद पिवळी असते आणि रात्रभर पुरेसा वेळ मिळूनही मूत्राशय तुडुंब होत नाही. लहान मुलांत दिवस-रात्रीचा हा फरक वाढत्या वयाबरोबर बसत जातो. तो बसला की आपल्या मुलीचे दहा तासांचे 200 मिलिलिटर शंभराच्या आसपास उतरतात आणि कपात मावतात. 1980च्या दशकात डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथल्या संशोधकांनी मोठेपणीही अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांचं रक्त रात्री तपासलं, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांत व्हॅसोप्रेसिनची ही रात्रीची वाढ दिसली नाही.

राहिली जाग. भरलेल्या मूत्राशयाकडून मेंदूला निरोप सतत जात असतात, पण झोपलेल्या मेंदूनं त्यावर उठायला हवं. लहान मुलांची झोप गाढ असते, हे कुठल्याही आईला सांगावं लागत नाही. गाडीत झोपलेलं मूल उचलून आणून, कपडे बदलून अंथरुणावर ठेवलं तरी हलत नाही. पण ‘माझं मूल फार गाढ झोपतं म्हणून गादी भिजते’ हे पूर्ण उत्तर नव्हे. हाँगकाँगमधल्या संशोधकांनी 2008 साली, हा त्रास तीव्र असलेल्या मुलांची झोप तपासली तेव्हा ती उलट अधिक हलकी आणि वारंवार चाळवणारी निघाली. मूत्राशय मेंदूला पुन्हा पुन्हा ढोसत होतं, झोप विस्कटत होती, तरीही पूर्ण जाग येत नव्हती. ही मुलं आळशी नसतात, उलट त्यांना धड विश्रांतीही मिळत नसते. सकाळी त्यांच्यावर ओरडण्याआधी हे जरूर आठवावं.

दुपारची झोप वेगळी का?

वरचं गणित दुपारला लावून बघा. दीड-दोन तासांची झोप, तासाला 20 मिलिलिटर, म्हणजे फार तर 40. टाकी 120 ची. व्हॅसोप्रेसिनची मदत नसली तरी हे सहज मावतं. म्हणूनच बहुतेक मुलांचं दुपारचं आधी जमतं आणि रात्रीचं नंतर. मग तरी मधूनच दुपारची चादर भिजते ती का? कारण मूल झोपताना टाकी रिकामी नसते. जेवताना ताक, जेवणानंतर कलिंगडाच्या फोडी, वर पेलाभर पाणी, आणि खेळता खेळताच सोफ्यावर लागलेली झोप. भरपूर पाणी प्यायल्यावर पुढचा तास-दीड तास मूत्रपिंडाची धार नेहमीच्या कितीतरी पट होते. अशा दुपारी कपभर जागा पुरत नाही.

त्यामुळे दुपारी दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ. झोपवण्याआधी मोरीत नेऊन बसवायचं, आणि उठताक्षणी पुन्हा न्यायचं. उठताक्षणी म्हणजे डोळे चोळत, कडेवर, दूध-बिस्किटाच्या आधी. कारण खूप मुलं झोपेत कोरडी असतात आणि जाग आल्यावर लोळता लोळता शू करतात.

हीच गोष्ट पहाटेलाही लागू आहे, आणि तिचा शोध हातानंच घेता येतो. आपण झोपायला जाताना, म्हणजे अकराच्या सुमारास, डायपरला किंवा चड्डीला हात लावून पाहा. पहाटे पाचला एकदा, सात वाजता एकदा. अकरालाच ओलं असेल तर संध्याकाळचं पिणं जास्त होतंय किंवा झोपताना मूत्राशय नीट रिकामं होत नाही. पहाटेपर्यंत दोन-तीनदा ओलं होत असेल तर धार अजून कमी झालेली नाही; थांबावं, घाई करू नये. पण पाचला कोरडं आणि सातला गरम, जड डायपर हाती आला, तर ते मूल रात्रभर कोरडंच राहिलेलं असतं. त्याला फक्त डोळे उघडताच कुणीतरी मोरीत न्यायला हवं. अशी मुलं डायपरमुळे ओली ‘राहतात’, आणि घरात कुणाला ते कळतच नाही.

आजीचं काय चुकलं, काय बरोबर?

आजी खोटं सांगत नाही. आपल्याकडे बाळाला दूध पाजल्यावर किंवा झोपेतून उठल्यावर पायांवर धरून ‘शूऽऽ शूऽऽ’ करण्याची पद्धत होती, आजही अनेक घरांत आहे. रोज तीच वेळ, तीच बैठक, तोच आवाज. बाळ त्या आवाजाला मूत्राशय मोकळं करायला शिकतं. व्हिएतनाममध्ये आया अशाच प्रकारे शीळ घालतात. संशोधकांनी तिथल्या बाळांचा पाठपुरावा केला, तेव्हा नवव्या महिन्यापर्यंत ती सगळी भांड्यावर बसत होती आणि दोन वर्षांची होईतो आपलं आपण बघत होती. मूत्राशय पूर्ण रिकामं करायलाही ती लवकर शिकत होती. आजीच्या पद्धतीत तथ्य आहे ते हे, आणि ते मोठं आहे.

फक्त ते दिवसाचं आहे. रात्रीच्या बाबतीत आजी एक गोष्ट विसरते: तेव्हा तीच रात्री दोनदा उठायची, बाळाला उचलून न्यायची आणि दुपटं बदलायची. गादीऐवजी खाली गोधडी असायची, ती सकाळी दोरीवर वाळत पडायची. ओलं होतच होतं, त्याची चर्चा होत नव्हती इतकंच.

मग मध्यरात्री उठवून शू करवावी का? करवल्यानं त्या रात्रीची गादी वाचते, पण मूल त्यातून लवकर कोरडं होत नाही. झोपेतच उचलून बसवलं तर जाग येण्याचं काम आपण केलेलं असतं, त्याच्या मेंदूनं नाही. लग्नघर, प्रवास, दुसऱ्याकडचा मुक्काम अशा वेळी खुशाल उठवावं. रोज रात्री गजर लावून आईनं आपली झोप मोडण्याइतका त्यात लाभ नाही.

पोट साफ नसेल तर

रात्रीच्या ओल्या गादीचं सगळ्यात दुर्लक्षित कारण शौचात सापडतं. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग मूत्राशयाला अगदी खेटून असतो. तिथे कडक मळ साठून राहिला तर तो मूत्राशयावर दाबतो, त्याची जागा कमी करतो आणि त्याला अवेळी आकसायला लावतो. 120 ची टाकी प्रत्यक्षात 80 चीच उरते. 1980च्या दशकात मॉन्ट्रियलमधले मूत्रपिंडतज्ज्ञ शॉन ओ’रेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांचं बद्धकोष्ठ आधी तपासलं. त्यावर उपचार केल्यावर त्यांतल्या बऱ्याच मुलांचं अंथरूण कोरडं राहू लागलं. विशेष म्हणजे आपल्या मुलाला बद्धकोष्ठ आहे हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं. मूल रोज जात असतं, पण थोडं थोडं, खड्यासारखं, आणि कुंथून.

आपल्याकडे याला भर घालणाऱ्या गोष्टी उघड आहेत. दिवसाला तीन-चार पेले दूध, मैद्याची बिस्किटं, भाजीला नकार, आणि शाळेतल्या स्वच्छतागृहात जायची किळस म्हणून शी दाबून धरणं. कमोडवर बसणाऱ्या लहान मुलाचे पाय अधांतरी लोंबत असतात, त्यामुळे खालचे स्नायू सैल सुटत नाहीत. शीही नीट होत नाही आणि शूही पूर्ण होत नाही. पायांखाली पाट किंवा उलटं घमेलं ठेवलं की गुडघे वर येतात आणि काम सोपं होतं. भारतीय बैठकीच्या संडासात हा प्रश्नच येत नाही.

घरात काय करावं

पाणी तोडू नये. संध्याकाळनंतर मुलाला तहानलेलं ठेवण्यापेक्षा सकाळी आणि दुपारी भरपूर पाजावं, म्हणजे रात्रीची तहान आपोआप कमी होते. शाळेतून पाण्याची बाटली जशीच्या तशी परत येते आणि मूल संध्याकाळी सहानंतर दिवसभराचं पाणी पितं, ही घडी मोडायला हवी. झोपतानाचं पेलाभर दूध हे 200 मिलिलिटर आहे आणि मूत्राशय 120 चं, एवढं ध्यानात घेऊन ते दूध रात्रीच्या जेवणासोबत द्यावं. चहा लहान मुलाला नकोच. तो लघवी वाढवतो आणि झोपही बिघडवतो. संध्याकाळचे वेफर्स, फरसाण, पापड यांतलं मीठ बाहेर टाकायलाही मूत्रपिंडाला पाणीच लागतं.

झोपण्याच्या तयारीच्या सुरुवातीला एकदा आणि दिवा मालवताना एकदा, अशी दोनदा शू करवावी. मोरीपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा; जाग आलेलं मूल कित्येकदा अंधाराच्या भीतीनंच अंथरुणात पडून राहतं. घर मोठं असेल किंवा संडास बाहेर असेल तर खाटेजवळच भांडं ठेवावं.

दिवसा चांगलं जमलेल्या मुलाला काही रात्री डायपरशिवाय झोपवून पाहायला हरकत नाही. त्यासाठी अंथरूण दुहेरी घालावं: गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि पुन्हा चादर. रात्री ओलं झालं की वरचे दोन थर ओढून काढायचे, खाली कोरडं अंथरूण तयार असतं. दिवा पेटवायला नको, बोलायला नको. आठवड्याभरात एकही कोरडी रात्र आली नाही तर डायपर परत चढवावा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावं. त्यात मुलाची पीछेहाट नाही.

चौकट: डॉक्टरांकडे कधी जावं?

• सहा महिने किंवा जास्त काळ रात्री कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं
• एकाएकी तहान वाढली, लघवी वाढली, वजन उतरलं (मधुमेहाची शक्यता, त्याच दिवशी दाखवावं)
• लघवी करताना जळजळ, दुखणं, ताप
• दिवसाही चड्डी सतत दमट, किंवा लघवीची धार बारीक, थेंबथेंब
• रोज घोरणं, तोंडानं श्वास घेणं
• कडक शौच, चड्डीला मळाचे डाग
• पाच वर्षं उलटूनही रात्री वारंवार ओलं होणं

पाच वर्षांनंतर

पाच वर्षांच्या आतल्या रात्रीच्या ओलेपणाला वैद्यकशास्त्र आजारच मानत नाही. पाचव्या वर्षी शंभरातली सुमारे 15 मुलं अंथरूण ओलं करतात. त्यानंतर दरवर्षी त्यांतली साधारण 15 टक्के काही उपचार न करता कोरडी होतात. मुलग्यांत प्रमाण जास्त आहे. आणि हे घराण्यात चालतं: आई-वडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता साधारण 77 टक्के, एकाला असेल तर 44, कुणालाच नसेल तर 15. बहुतेक घरांत हा इतिहास झाकून ठेवलेला असतो. ‘मीही सात वर्षांचा होईपर्यंत करायचो, मग थांबलं’ असं बाबांनी आपण होऊन सांगितलं तर मुलाला जो धीर येतो, तो दुसऱ्या कशानं येत नाही. त्या वयात मुलाला वाटत असतं की जगात हे असं फक्त आपलंच होतं.

सहा-सात वर्षांनंतर उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. ओलावा लागताच वाजणारा गजर हा त्यांतला जुना आणि भरवशाचा. 1904 साली ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ फाउंडलर यांनी तो बनवला होता तो मूल ओलं झाल्याचं परिचारिकांना कळावं म्हणून. मुलंच हळूहळू कोरडी होऊ लागलेली त्यांना दिसली. 1938 साली अमेरिकेत मौरर दांपत्यानं त्याची पद्धतशीर चाचणी घेतली. भरलेलं मूत्राशय आणि जाग यांची सांगड मेंदूत बसायला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात, आणि सुरुवातीला गजर ऐकून आधी आई-बाबाच उठतात. दुसरा उपाय डेस्मोप्रेसिन, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं व्हॅसोप्रेसिनचं भावंड. ते धार कमी करतं, पण घेतल्यावर रात्री जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम धोकादायकपणे उतरू शकतं, म्हणून ते फक्त डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि त्यांनी सांगितलेला पाण्याचा नियम पाळूनच द्यावं.

दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी जाताना मेणकापड आणि दोन जास्तीच्या चादरी पिशवीत टाकाव्यात. ज्यांच्याकडे उतरणार त्या मामीला किंवा आत्याला फोनवर आधीच सांगून ठेवावं, मूल आसपास नसताना. सकाळी ओलं झालंच तर चादर बदलायला मुलाला हाताशी घ्यावं, जसं भांडी मांडायला घेतो तसं, आणि नाश्त्याला बसावं.